शून्याची चाल

१

सकाळी साडेसातला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं कुलूप काढायचं, चारही स्क्रीन सुरू करायचे, किटलीत पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत शहराने रात्रभर छातीत काय काय ओढून घेतलं ते बघायचं, हा तिचा नऊ वर्षांचा नेम. ऑफिसात तिला सगळे नकाशावाली म्हणत. हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण शोभत होतं. सरकारी केंद्रांचे आकडे एका ठिकाणाहून येत, वाऱ्याचे हवामान खात्याकडून, चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांची दृश्यं तिसरीकडून. शिवाय लोकांनी हौसेने म्हणा, भीतीने म्हणा, आपापल्या खिडक्यांत आणि गच्च्यांत लावलेली हजारभर छोटी मशीनं होती. मुठीएवढी, पण दर मिनिटाला आपलं गाऱ्हाणं इंटरनेटवर मांडणारी. एकाचं दुसऱ्याशी कधी पटायचं नाही. या सगळ्यांना एका दावणीला बांधून एकच नकाशा उभा करणं हे तिचं काम.

त्या सोमवारी आठच्या आधीच ईशान्येला सहा ठिपके लाल झाले. तिने वारा पाहिला, कॅमेरा फिरवला आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

"गोदामांच्या मागे कचरा पेटलाय. धूर शाळेकडे चाललाय."

"आम्हाला तर अजून कुणाचा फोन नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाऱ्याने," ती म्हणाली.

शाळेची घंटा व्हायच्या आत आग विझली. साहेब स्वतः खोलीत येऊन "शाब्बास" म्हणून गेले. असे दिवस क्वचित यायचे, त्यामुळे चहा जरा जास्तच गोड लागला.

संध्याकाळी दिवसभराचे आकडे नीट लावून ठेवताना तिला ते शून्य दिसलं.

धुळीच्या रकान्यात शून्य. या शहरात शून्य येत नाही. बंद कपाटात मशीन ठेवलं तरी येत नाही. शून्य म्हणजे मशीन मेलं, हा साधा हिशेब. तिने 'बिघाड' असा शेरा मारायला हात उचलला आणि थांबली. मेलेल्या मशीनचे सगळेच आकडे मरतात. याचं तापमान जिवंत होतं, ओल जिवंत होती. आणि माणसाच्या श्वासातून जो वायू बाहेर पडतो त्याचा आकडा चढला होता. बंद खोलीत दहा माणसं दाटीवाटीने बसली की चढतो, तसा.

मशीन एका खिडकीबाहेर, उघड्या हवेत होतं.

बरोबर चाळीस मिनिटं. मग धूळ परत आली आणि सगळं पहिल्यासारखं झालं. तिने शेरा मारला आणि पुढच्या ओळीवर गेली.

२

बुधवारी ते परत आलं, आणि या वेळी एका जागी नव्हतं. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी एका दुकानाच्या पाटीवरचं मशीन शून्यावर गेलं. ते सावरलं तशी पुढच्या कोपऱ्यावरचं गेलं. मग त्याच्या पुढचं. तिने अंतर मोजलं, वेळ मोजली, भागाकार केला. माणूस रमतगमत चालतो तेवढा वेग आला.

वारा समोरून होता.

मशीनची देखभाल करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. पन्नाशीचा, शिडी खांद्यावर आणि जीभ सुटलेली. तिने त्याला बोलावून स्क्रीन दाखवला.

"कोळी," मिस्त्री म्हणाला. "हवा आत ओढायचा पंखा असतो ना, त्याच्या तोंडाशी कोळी घर बांधतो. धूळ आत जातच नाही. आले शून्य."

"एकापाठोपाठ एक अकरा मशीनांत? ओळीने?"

"मग फिरता कोळी असेल." तो हसला. ती हसली नाही, तसा तो शिडी उचलून निघाला.

तासाभराने त्याचा फोन आला. अकरापैकी पाच मशीनं उघडून पाहिली, स्वच्छ आहेत. समोर काडी ओढली तर आकडा टुणकन वर उडाला. "ठणठणीत आहेत हो. तुमच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बघा. काखेत कळसा असायचा."

तेही तिने पाहिलं. घड्याळं पुढेमागे झालीत का, एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर पडतायत का, मधे कुठे इंटरनेट तुटलं होतं का. वाटेतलं एक सरकारी केंद्रही त्याच मिनिटाला शून्यावर गेलं होतं. ते तर वेगळ्याच कंपनीचं, वेगळ्याच तारेवरचं, खोलीएवढं मोठं यंत्र. दोन चोर एकमेकांना ओळखत नसले आणि तरी एकच खोटं बोलले, तर ते खोटं कसं म्हणायचं?

शेवटी तिने चौकातल्या कॅमेऱ्याचं त्या वेळचं चित्रण काढलं. भर दुपार, रस्ता माणसांनी भरलेला, हवेत नेहमीचा राखाडी पडदा. काही नव्हतं. पण ती बघत राहिली, आणि तिसऱ्यांदा बघताना तिच्या लक्षात आलं की फुटपाथवरून येणारी माणसं एका जागेपाशी आली की किंचित बाजूला होतायत. कुणी मान वर करत नव्हतं, कुणी थबकत नव्हतं. गर्दीत समोरून कुणी आलं की आपण नकळत खांदा वळवतो, तेवढंच.

ती मोकळी जागा हळूहळू स्क्रीनच्या डावीकडून उजवीकडे गेली.

३

घरी बाबा होते. काचेच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेली, त्यामुळे छातीचं पार खोकं झालेलं. जुना भाता ओढावा तसा त्यांचा श्वास वाजायचा. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना घरघर. सहा वर्षं ती त्या आवाजावर झोपत होती आणि तो जरा थांबला की जागी होत होती.

"आज काय म्हणतंय तुझं शहर?" बाबा रोज विचारत. एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागे.

"खोकतंय."

"माझ्यासारखं?"

"तुमच्याहून कमी."

त्यांच्यासाठीच तिने ऑफिसात ती यादी सुरू केली होती. ज्या घरात श्वासाचा आजारी माणूस आहे, त्या घराने खिडकीत मशीन लावायचं आणि नाव नोंदवायचं. हवा बिघडली की सगळ्यांच्या आधी त्यांना संदेश जायचा. सतरा घरं झाली होती. साहेबांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही त्या यादीचा अभिमान होता.

त्या रविवारपर्यंत ते शून्य चार ठिकाणी थांबलं. दर एका दिवसाआड, दुपारी. वाटेत कुठे रेंगाळत नव्हतं, पण एकेका खिडकीपाशी चाळीस मिनिटं उभं राहायचं. 'उभं राहायचं' हा शब्द तिच्याच मनात आला आणि तिला तो आवडला नाही. चारही खिडक्या यादीतल्या होत्या.

यात काय मोठंसं, तिने स्वतःला समजावलं. मशीनं जिथे आहेत तिथेच तर दिसणार. उजेडात शोधलं की उजेडातलंच सापडतं.

मग सोमवारी तिने चौथ्या घरी फोन लावला. तिथे एक म्हातारे ट्रम्पेटवाले राहत. जन्मभर बँडमध्ये वाजवलं, आणि आता फुंकर मारून काडी विझवायचं बळ नव्हतं. फोन सुनेने घेतला.

"मशीनची चौकशी करायची होती. आजोबा कसे आहेत?"

"बरे आहेत." सून जरा थांबली. "खूपच बरे आहेत. पंप लागत नाही, औषध लागत नाही. कालपासून."

"काल काय झालं?"

"काहीच नाही. खिडकीत बसले होते. मी आत आले तर म्हणाले, काय मोकळं वाटतंय."

फोनवर मागे कसलासा आवाज होता. फ्रिज वाजतो तसा एकसुरी. तिला वाटलं, लाइन खराब आहे. ती मशीनचा नंबर, तारीख, वेळ विचारत राहिली, सून सांगत राहिली. पाच-सहा मिनिटं गेली असतील. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुमच्याकडे काही चालू आहे का? आवाज येतोय."

"वाजवतायत," सून म्हणाली.

४

मिस्त्रीला घेऊन ती दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेली. जिन्यातच तो सूर ऐकू आला. एकच सूर, ना चढ ना उतार. दार उघडं होतं. सून टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिने नुसती मान हलवून आतली खोली दाखवली.

आजोबा खिडकीपाशी ताठ बसले होते, ट्रम्पेट ओठाला. गाल फुगलेले नव्हते, मानेच्या शिरा तटतटलेल्या नव्हत्या. कपाळावर घामाचा टिपूस नाही. त्यांनी दोघांना पाहिलं आणि डोळ्यांनीच हसले. सूर चालूच.

मिस्त्री शिडी टेकवून खिडकीतलं मशीन बघू लागला. ती आजोबांच्या समोर उभी राहिली आणि वाट बघू लागली. आता थांबतील. आता श्वास घेतील. वाजवणारे नाकाने श्वास घेऊन तोंडाने सोडत राहतात, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं, तेच असेल. तिने त्यांच्या नाकपुड्यांकडे पाहिलं. मग छातीकडे. शर्टाची मधली गुंडी सैल होऊन दोऱ्यावर लोंबत होती. ती जागची हलत नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं झाली तेव्हा मिस्त्रीने शिडी घडी केली. "चला," तो हळूच म्हणाला. त्याच्या कोळ्याच्या गोष्टी कुठल्या कुठे गेल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत सुनेने वर न बघता विचारलं, "मशीन ठीक आहे ना?"

"मशीन ठीक आहे," मिस्त्री म्हणाला.

"मग झालं तर." तिने एक शेंग उचलली आणि हातातच धरून ठेवली. "रडत होते हो रोज. मरू दे म्हणायचे. आता हसतात. मी कुणाला काय विचारू?"

फाटकाशी मिस्त्री म्हणाला, "माझ्या आईच्या खोलीत मी एक मशीन लावलंय. तुमच्या यादीत नाही, असंच हौसेने. आत्ता जाऊन काढतो." आणि तो खरंच गेला. शिडी त्याने फाटकाला टेकवून तशीच सोडली.

५

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता.

"बाई, शून्य म्हणजे बिघाड. तुम्हीच आम्हाला शिकवलंत. ते आकडे गाळून टाका म्हणजे नकाशा स्वच्छ राहील."

"आणि ती माणसं?"

"ती बरी झाली म्हणताय ना? बरं झाल्याची तक्रार कुठल्या खात्यात करायची?"

ती जागेवर येऊन बसली. निदान उरलेल्या तीन घरांची चौकशी तरी करावी म्हणून तिने पत्त्यांसाठी यादी उघडली. यादी नोंदणीच्या क्रमाने होती. सोमवारचं पहिलं घर, एक नंबर. बुधवारचं, दोन. मग तीन. ट्रम्पेटवाले, चार.

तिने घरांची अंतरं पाहिली. एक नंबर आणि दोन नंबर शहराच्या दोन टोकांना होती. जवळ जवळचं घर धरत कुणी निघालं असतं तर हा क्रम आला नसता. नकाशा बघूनही आला नसता. तो यादी वाचल्यावरच येत होता. आणि ती यादी या खोलीबाहेर कुणी पाहिलेली नव्हती.

पाच नंबरला तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला पत्ता होता.

तिने ती ओळ पुसली. खरोखर पुसली गेली का, हे दोनदा तपासलं. मग घड्याळ पाहिलं. मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. रविवारनंतर एक दिवस मधे गेला होता.

नकाशावर तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाचं मशीन होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते शून्यावर आलं. मग धोब्याच्या माडीवरचं. नाव पुसलं तरी खिडकी होती तिथेच होती.

तिने बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पर्स उचलून, पायात चप्पल आहे की नाही हे न बघता ती जिना उतरली.

६

रिक्षातून उतरून ती गल्लीत पळत सुटली. तिची स्वतःची छाती फुटायला आली होती. दार तिच्याकडच्या किल्लीने उघडलं. आत पाऊल टाकल्याबरोबर तिला कळलं की काहीतरी कमी आहे. मग कळलं काय कमी आहे ते. घरघर ऐकू येत नव्हती.

बाबांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. डोळे मिटलेले, चेहरा वर केलेला, ओठ जरासे उघडे. न्हावी गालाला साबण लावतो तेव्हा माणूस जसा विश्वासाने मान मागे टाकतो, तसे. अडीचचं ऊन खिडकीतून तिरकं आत येत होतं. कवडसा पार दारापर्यंत आला होता आणि त्यात धुळीचे कण नाचत होते. लाखो, सोनेरी, वर खाली.

पण सगळीकडे नाही. खुर्चीच्या शेजारी, भर कवडशात एक जागा होती जिथे एकही कण नव्हता. पाण्यात दगड असला की पाणी कडेने वाहतं, तशी धूळ त्या जागेच्या कडेने वाहत होती, आणि त्या कडेमुळे तिचा आकार दिसत होता. माणसाएवढी उंच. वर निमुळती. ती सरळ नव्हती. बाबांच्या चेहऱ्यावर वाकलेली होती. फार जवळ.

तिच्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण त्या जागेचा वरचा भाग सावकाश उचलला गेला. आणि वळला. त्याला चेहरा नव्हता, काहीच नव्हतं, नुसती स्वच्छ हवा. तरी आपल्याकडे बघितलं जातंय हे तिला मानेच्या मागच्या केसांपर्यंत कळलं. ते पुढे आलं नाही. बाबांना सोडूनही गेलं नाही. ते नुसतं थांबलं.

दोन पावलांवर खुर्ची होती. बाबांचा दंड धरून ओढलं असतं तरी पुरलं असतं. खिडकी खाडकन लावली असती, चादर झटकून खोलीभर धूळ केली असती. हे सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. डोकं ठिकाणावर होतं, हे ती नंतर कधीही नाकारू शकली नाही.

बाबांनी डोळे न उघडता तिला हाक मारली. तिचं लहानपणीचं नाव घेतलं. गेली कित्येक वर्षं ते नाव एका दमात त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. "आलीस का गं," ते म्हणाले. आवाज तरण्या माणसाचा होता. "किती मोकळं वाटतंय."

ती उंबरठ्यावर उभी होती. सहा वर्षांच्या शिट्ट्या आणि घरघर तिच्या कानात होत्या. पहाटेचे ते विस्फारलेले डोळे, तिचं मनगट धरून "सोडव गं" म्हणणं, सगळं तिथे होतं.

ती पुढे गेली नाही.

थोड्या वेळाने कवडशातली ती जागा परत खाली वाकली.

७

याला आता महिना होत आला. बाबा ठीक आहेत. शेजारचे डॉक्टर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "चमत्कारच म्हणायचा, एकदा तपासून घेऊ." ती "बघू" म्हणाली. शून्याचे आकडे आता नकाशावर येत नाहीत. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ते गाळायची सोय तिने स्वतःच केली. यादीत घरं सतराच आहेत. पुसलेली ओळ तिने परत लिहिली, कारण मधेच एक नंबर गळाला तर लोक विचारतात. मिस्त्रीने बदली मागून घेतली. जाताना त्याने तिला बाबांची तब्येत विचारली नाही.

संध्याकाळी ती लवकर घरी येते. बाबांच्या खोलीचं दार लावून घेते, खिडकी लावते आणि त्यांच्यासमोर बसते. बाबांना आता बोलायचा कंटाळा येत नाही. भट्टीवरच्या गोष्टी, आईच्या गोष्टी, एकीतून दुसरी निघते, मधे कुठे स्वल्पविराम म्हणून नसतो. ती हसते, "मग?" म्हणते. फार बरं वाटतं, हेही खरं.

फक्त खिडकीतलं मशीन काढायचं तिला अजून सुचलेलं नाही, किंवा धीर होत नाही. बंद खोलीत माणसं बसली की श्वासाचा आकडा किती माणसांमागे किती चढतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काल तासभर दोघं बोलत बसली होती. उठताना तिची नजर मशीनवर गेली.

आकडा चढला होता. एका माणसाइतका.